रात्रीची दुधाची बाटली आणि लहान मुलांची मोडणारी झोप

एक ते तीन वर्षांचे मूल रात्री पुन्हापुन्हा उठून रडू लागले की घरातल्या प्रत्येकाकडे त्याचे निदान तयार असते. आजी मीठ-मिरच्यांनी दृष्ट काढते, शेजारच्या वहिनी दाढा येत असतील असे सांगतात, आणि अलीकडे बहुधा मोबाईलवरून घरात शिरलेले तिसरे निदान असते ते ‘त्याला दूध पचत नसेल’ हे. हे तिसरे निदान निराधार नाही. दुधामुळे काही मुलांची झोप खरोखरच मोडते. मात्र ‘दूध पचत नाही’ असे आपण म्हणतो तेव्हा त्यात एकमेकींशी फारसा संबंध नसलेल्या दोन शारीरिक तक्रारी येतात, आणि त्यांच्या जोडीला एक सवयही येते, जी आजार नसूनही या वयातल्या झोपेचे सर्वांत जास्त नुकसान करते. या तिघांची गल्लत झाली की ज्या मुलाला दुधाची गरज आहे त्याचे दूध तोडले जाते, आणि ज्याला ते खरोखर सोसत नाही त्याच्यावर शेळीच्या नाहीतर म्हशीच्या दुधाचे प्रयोग चालू राहतात.

आधी झोपेचे पाहू. एक ते दोन वर्षांच्या मुलाला दुपारची झोप धरून दिवसाला ११ ते १४ तास आणि तीन ते पाच वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास झोप लागते, असे बालनिद्रेचे अभ्यासक मानतात. ही झोप सलग नसते. गाढ आणि उथळ झोपेचे एक आवर्तन मोठ्या माणसात साधारण दीड तासाचे असते, तर लहान मुलात ते तासाभराचे असते, आणि प्रत्येक आवर्तनाच्या शेवटी मूल क्षणभर अर्धवट जागे होते. निरोगी मूलही रात्रीतून अनेकदा असे जागे होते. कूस बदलते, उशी चाचपते, पुटपुटते आणि पुन्हा झोपते, त्यामुळे आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही. दुधाचा प्रश्न येतो तो नेमका या अर्धवट जागेपणाच्या क्षणी. त्या वेळी पोटात वायू अडकून दुखत असेल, अंगाला खाज सुटत असेल किंवा घशाशी आंबट येत असेल, तर मूल पुन्हा झोपेत न जाता पूर्ण जागे होते. म्हणजे दूध झोपेला थेट लागत नाही. ते शरीरात कुठेतरी त्रास निर्माण करते आणि तो त्रास झोप मोडतो. त्यामुळे दुधावर संशय घ्यायचा असेल, तर तो शारीरिक त्रास आधी दिसायला हवा. दिवसा हसतखेळत असलेले, वजन नीट वाढत असलेले, त्वचा आणि शौच दोन्ही निर्दोष असलेले मूल केवळ रात्री उठते एवढ्यावरून दूध दोषी ठरत नाही.

दुधातली साखर

दुधात लॅक्टोज नावाची साखर असते. गाईच्या दुधात तिचे प्रमाण शंभर मिलिलिटरमागे पाच ग्रॅमच्या किंचित खाली असते, म्हशीच्या दुधात जवळपास तेवढेच, आणि आईच्या दुधात सुमारे सात ग्रॅम. ही साखर जशीच्या तशी रक्तात जाऊ शकत नाही. तिचे ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज असे दोन तुकडे व्हावे लागतात, आणि ते काम लहान आतड्याच्या अस्तरातले लॅक्टेज नावाचे पाचक द्रव्य करते. हे अस्तर मखमलीच्या लवेसारखे असते आणि लॅक्टेज त्या लवेच्या अगदी टोकाकडे असते. त्यामुळे आतड्याला कसलीही इजा झाली की सर्वांत आधी नाहीसे होते ते लॅक्टेजच.

लॅक्टेज कमी पडले की न पचलेले लॅक्टोज पुढे मोठ्या आतड्यात जाते. जाताना ते पाणी ओढून घेते, म्हणून शौच पातळ होते. तिथले जिवाणू ते आंबवतात, त्यातून हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड आणि आम्ले तयार होतात, म्हणून पोट फुगते, गुरगुरते, आणि शौचाला आंबट वास व फेस येतो. दूध पोटात गेल्यावर अर्ध्या ते दोन तासांत या तक्रारी सुरू होतात आणि काही तास टिकू शकतात. आता घड्याळ लावून पाहा: साडेनऊला दोनशे मिलिलिटरची बाटली, म्हणजे नऊ-दहा ग्रॅम लॅक्टोज, अकरा किलोच्या मुलाच्या पोटात गेले. दहाला मूल झोपले. अकरा ते एकच्या दरम्यान आवर्तनाच्या शेवटी ते कण्हत उठते, गुडघे पोटाशी घेते, पोटाला हात लावला तर ते ताणलेले लागते, आणि वायू सरला किंवा शौच झाले की दहा मिनिटांत पुन्हा झोपते. सकाळी लंगोट किंवा डायपर काढताना गुदद्वाराभोवती गोल, चकचकीत लाल कातडी दिसते, जिला पाणी लागताच मूल किंचाळते. आम्लयुक्त शौचाने ती पोळलेली असते. अशी रात्र आणि अशी सकाळ ओळीने दिसत असेल, तर संशयाला आधार आहे असे म्हणता येते.

पण दीड-दोन वर्षांच्या मुलाला लॅक्टेज कमी का पडावे? इथे सर्वांत मोठा गैरसमज आहे. वयानुसार लॅक्टेज हळूहळू कमी होणे ही जगातल्या बहुसंख्य माणसांच्या बाबतीत घडणारी गोष्ट आहे, आणि भारतात वायव्येकडून दक्षिणेकडे व पूर्वेकडे जावे तसे असे लोक जास्त आढळतात. मात्र ती घट बालपणात सावकाश होते आणि तिच्या तक्रारी पाच वर्षांच्या आत सहसा दिसत नाहीत. ‘त्याच्या बाबांनाही दूध सोसत नाही, आजोबांनाही नव्हते’ हा पुरावा दहा वर्षांच्या मुलासाठी कामाचा आहे, दीड वर्षाच्या मुलासाठी नाही. जन्मतःच लॅक्टेज नसणे हा प्रकार अतिशय दुर्मिळ आहे, आणि तो जन्मल्यावर पहिल्या दिवसांतच आईच्या दुधावर तीव्र जुलाबाने दिसतो; दुसऱ्या वाढदिवसानंतर तो अचानक उगवत नाही.

या वयात खरोखर आढळते ते तात्पुरते न पचणे. आतड्याच्या संसर्गाने ती लव झडते आणि नवी येईपर्यंत लॅक्टोज पचत नाही. गोव्यात जून-जुलैच्या पावसात विहिरी गढूळतात, नळालाही कधी गढूळ पाणी येते, आणि उलट्या-जुलाबांची मुले आरोग्य केंद्रांत दिसू लागतात. मीठ-साखरेचे पाणी आणि चौदा दिवसांचे झिंक यांनी जुलाब थांबतात, घर सुटकेचा निःश्वास टाकते, आणि अशक्तपणा भरून काढण्यासाठी त्याच दिवसापासून दुधाची बाटली दुप्पट होते. नेमकी त्याच वेळी रात्रीची रड सुरू झाली तर हे कारण जवळजवळ समोर येऊन उभे असते. आतडे बहुधा दोन ते चार आठवड्यांत, काहींत त्याहून थोड्या उशिरा, स्वतःहून दुरुस्त होते. तोवर बाटलीभर दुधाऐवजी दही आणि थोडे थोडे दूध जेवणाबरोबर दिले, की बहुतेक मुलांचे भागते. दह्यात जिवाणूंनी काही लॅक्टोज आधीच खाल्लेले असते आणि उरलेले पचवायला ते स्वतः मदत करतात. साजुक तुपात लॅक्टोज जवळपास नसतेच. मूल अजून अंगावर पीत असेल तर ते मुळीच तोडू नये. साधे जुलाब चालू असतानाही दूध आणि जेवण बंद करण्याची जुनी पद्धत आता वैद्यकशास्त्राने सोडून दिलेली आहे.

दुधातली प्रथिने

दुसरी तक्रार साखरेची नसून प्रथिनांची आहे, आणि ती पचनाची नसून रोगप्रतिकारशक्तीची आहे. केसीन आणि निवळीतली प्रथिने शत्रू समजून शरीर त्यांच्याशी झगडते; यालाच दुधाची अ‍ॅलर्जी म्हणतात. तिचे दोन प्रकार असून त्यांची घड्याळे निराळी आहेत. पहिल्यात दूध पिताच काही मिनिटांत, फार तर दोन तासांत, अंगावर गांधी उठतात, ओठ किंवा पापण्या सुजतात, उलटी होते, क्वचित श्वासाला घरघर लागते. हा प्रकार आईबापांच्या नजरेतून सुटत नाही. झोपेच्या संदर्भात फसवणारा आहे तो दुसरा, संथ प्रकार, ज्यात त्रास काही तासांनी किंवा दोन-तीन दिवसांनी दिसतो. त्यामुळे सोमवारच्या दुधाचा त्रास बुधवारी रात्री दिसतो आणि दोष बुधवारच्या माशांच्या आमटीवर जातो.

या प्रकारात झोप मोडते ती तीन वाटांनी. आडवे झाल्यावर जठरातले आंबट वर येते आणि मूल पाठ ताणून रडते. शौचात शेंब किंवा रक्ताच्या रेषा दिसतात, नाहीतर उलट बद्धकोष्ठ होऊन पोट दुखते. आणि तिसरी वाट त्वचेची, म्हणजे कोपराच्या व गुडघ्याच्या वळकट्यांत आणि गालांवर कोरडा, खाजरा इसब. इसबाची खाज रात्री वाढते, आणि आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या दमट उकाड्यात घामाने ती आणखी चाळवते. अशा मुलाच्या उशीवर आणि चादरीवर सकाळी रक्ताचे बारीक ठिपके सापडतात. तरीही इसब असलेल्या प्रत्येक मुलाला दुधाची अ‍ॅलर्जी असते असे नाही. सौम्य इसब असलेल्या बहुतेकांना ती नसते आणि त्यांची झोप दूध तोडून नव्हे, तर त्वचेला नियमित तेलकट मलम लावून सुधारते.

ही अ‍ॅलर्जी बहुतेक वेळा पहिल्या वर्षातच, पावडरीचे किंवा गाईचे दूध पहिल्यांदा सुरू केल्यावर, दिसू लागते. वर्षभर मजेत दूध प्यायलेल्या मुलाला दुसऱ्या वर्षी एकाएकी ती होण्याची शक्यता कमी असते, आणि हा एक प्रश्न विचारला तरी निम्मे गैरसमज गळून पडतात. तिची दुसरी खूण अशी की प्रमाण कमी केल्याने फारसा फरक पडत नाही. साखर न पचणाऱ्या मुलाला शिऱ्यातले चार चमचे दूध बाधत नाही. अ‍ॅलर्जीच्या मुलाला ते पुरेसे असू शकते. म्हणून लॅक्टोजमुक्त दूध अ‍ॅलर्जीवर निरुपयोगी आहे, कारण त्यात प्रथिने जशीच्या तशी असतात. दह्याचेही तेच. शेळीच्या आणि म्हशीच्या दुधातली प्रथिने गाईच्या दुधाशी इतकी मिळतीजुळती असतात की अ‍ॅलर्जीची बहुतेक मुले त्यांनाही तशीच प्रतिक्रिया देतात. देशी गाईंचे म्हणून विकल्या जाणाऱ्या ‘ए-टू’ दुधाबद्दलही स्पष्ट सांगायला हवे: त्यातल्या एका केसीनच्या साखळीत एका कडीचा फरक असतो, बाकीची प्रथिने तीच आणि लॅक्टोजही तेवढेच. आपल्या गोव्याच्या श्वेतकपिला गाईचे दूध कौतुकाने जरूर प्यावे, पण अ‍ॅलर्जीच्या मुलाला औषध म्हणून ते देऊ नये. समाधानाची गोष्ट एवढीच की तीन ते पाच वर्षांच्या वयापर्यंत बहुतेक मुलांची ही अ‍ॅलर्जी मागे पडते.

झोप आणि दूध यांचा संबंध शास्त्रीय पद्धतीने तपासणाऱ्या अभ्यासांत ब्रुसेल्सच्या डॉक्टरांचा १९८९ साली ‘पेडिअ‍ॅट्रिक्स’ या नियतकालिकात आलेला अभ्यास पुष्कळदा पुढे केला जातो. सतत रात्री उठणाऱ्या लहान मुलांपैकी ज्यांच्या निद्रानाशाला दुसरे कोणतेही कारण सापडले नाही, अशांचे दूध त्यांनी काही आठवडे बंद केले, आणि नंतर मूल नेमके काय पीत आहे हे आईबापांना व तपासणाऱ्यांना कळू न देता ते पुन्हा देऊन पाहिले. दूध गेल्यावर बहुतेकांची झोप सुधारली आणि परत दिल्यावर ती बिघडली. हा निष्कर्ष महत्त्वाचा आहे. मात्र तो सांगताना एक बाजू नेहमी गाळली जाते: तपासणीला आलेली मुले शंभराहून बरीच जास्त होती आणि सगळी इतर कारणे वगळल्यावर या प्रयोगापर्यंत पोहोचली ती वीसहूनही कमी. म्हणजे हा अभ्यास दुधाचा संबंध असू शकतो हे जितके दाखवतो, तितकेच तो क्वचित असतो हेही दाखवतो.

बाटलीची सवय

आता ती तिसरी गोष्ट. अनेक घरांत मूल बाटली तोंडात घेऊनच झोपते. त्याच्या लेखी झोप लागणे म्हणजे बाटली चोखणे, आणि म्हणून रात्री प्रत्येक आवर्तनाच्या शेवटी अर्धवट जाग आली की त्याला पुन्हा बाटली हवी असते, मग पोटात भूक असो वा नसो. आई-बाबा दोघेही सकाळी कामावर जाणारे असतात, भिंतीपलीकडे शेजारी झोपलेले असतात, तेव्हा रड थांबवण्यासाठी रात्री दोन वाजता दूध दिले जाते. त्यात कुणाला दोष देण्यासारखे काही नाही. परंतु रात्री तीनदा दीडशे-दीडशे मिलिलिटर दूध प्यायलेल्या मुलाचे डायपर पहाटे जड होते आणि ओलाव्याने ते पुन्हा उठते. दिवसा त्याला भूक लागत नाही, अकराची पेज ते ढकलून देते, दुपारी दोन घास खाते, आणि न खाल्लेले सारे रात्री दुधातून मागते. दातांवर रात्रभर दुधाचा थर राहून पुढचे वरचे दात किडतात, ते वेगळेच.

याहून गंभीर परिणाम लोहाचा आहे. गाईच्या दुधात लोह जवळपास नसते, आणि त्यातले कॅल्शियम व केसीन इतर अन्नातले लोहही शोषू देत नाहीत. दिवसाला अर्धा लिटरहून जास्त दूध पिणारी मुले म्हणूनच रक्तक्षयाकडे झुकतात, आणि लोह कमी असलेली मुले झोपेत सतत पाय हलवतात, गादीभर लोळतात, वारंवार उठतात. हा दुवा आईबापांना सहसा माहीत नसतो. गोवा श्रीमंत आणि शिकलेले राज्य असले तरी २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत इथल्या सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांपैकी निम्म्याहून अधिक मुलांत रक्तक्षय आढळला होता. त्यामुळे रात्री उठणाऱ्या, फिक्या दिसणाऱ्या, दुधावरच जगणाऱ्या मुलाच्या बाबतीत, माझे मत विचाराल तर, अ‍ॅलर्जीच्या महागड्या चाचण्यांआधी साधे हिमोग्लोबिन आणि डॉक्टरांनी सांगितल्यास फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारे प्रथिन) तपासणे जास्त शहाणपणाचे आहे.

याच सवयीमुळे निदानाचा घोटाळा होतो. ‘दूध पचत नाही’ म्हणून घरच्यांनी रात्रीचे दूध बंद केले, आठ-दहा रात्री रडारड झाली आणि मग मूल सलग झोपू लागले. घरच्यांचा निष्कर्ष ठरलेला: दूधच वाईट होते. वास्तविक इथे एकाच वेळी दूधही गेले आणि बाटलीही गेली. गुण कशामुळे आला हे यावरून मुळीच कळत नाही.

त्यामुळे जिथे अ‍ॅलर्जीच्या खुणा नाहीत, वजन उत्तम आहे आणि तक्रार मुख्यतः झोपेचीच आहे, तिथे दूध थांबवण्याआधी त्याची वेळ बदलावी. दूध दिवसभरात एकूण चारशे मिलिलिटरच्या आसपास ठेवून सकाळी आणि दुपारी चारला पेल्यातून द्यावे, आणि झोपण्यापूर्वीच्या दोन तासांत फक्त पाणी. बाटलीच्या सवयीतून सुटायला मुलाला आठवडाभर तरी लागेल. त्यानंतर रात्र शांत झाली आणि दिवसही शांत राहिला, तर दूध निर्दोष होते. रात्र शांत झाली, पण आता सकाळच्या पेल्यानंतर दीड तासाने पोट फुगू लागले, आंबट शौच होऊ लागले, तर साखरेचा संशय खरा असण्याची शक्यता वाढली. आणि रात्र पूर्वीइतकीच वाईट राहिली, तर दुसरे कारण शोधायला हवे: घोरणे व तोंडाने श्वास घेणे असेल तर नाकामागच्या गाठी, रात्री गुदद्वार खाजवत असेल तर सुतासारखे जंत, कान ओढत असेल तर कानाचे दुखणे, आणि पुष्कळदा नुसता उकाडा किंवा उशिरापर्यंत डोळ्यांसमोर चालू असलेला मोबाईल.

काढून पाहणे आणि परत देऊन पाहणे

अ‍ॅलर्जीची किंवा न पचण्याची शंका बळकट असेल तर बालरोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने दूध ठरावीक काळ पूर्ण बंद करून पाहतात. लॅक्टोजसाठी दोन आठवडे पुरतात. संथ अ‍ॅलर्जीसाठी दोन ते चार आठवडे द्यावे लागतात. या काळात अर्धवट पथ्य निरर्थक ठरते. दूध, दही, पनीर, चहातले दूध हे लक्षात राहते, पण बिस्किटे, केक, दुधाचा पाव, तयार बाळआहार आणि चॉकलेट यांत दुधाची पावडर असते हे राहत नाही. भारतातल्या पाकीटबंद पदार्थांवर दूध असल्यास तसे लिहिणे बंधनकारक आहे, तेव्हा पाकिटाची मागची बाजू वाचावी, आणि पोदेर (पाववाला) आणतो त्या पावाबद्दल त्यालाच विचारावे, कारण साध्या उंडा किंवा पोळा या पावांत सहसा दूध नसते, गोड पावात असू शकते. चतुर्थीच्या आठवड्यात मात्र हा प्रयोग कुणी सुरू करू नये. घरोघरी पेढे आणि खीर, आणि रात्री उशिरापर्यंत घुमट आरती, यांत ना पथ्य टिकते ना झोपेचा अंदाज येतो.

एक साधी वही ठेवावी. तिच्यात चार रकाने पुरतात: काय आणि किती वाजता खाल्ले, किती वाजता झोपले, किती वाजता कसे उठले, आणि शौच व त्वचा कशी होती. ‘रात्री खूप रडला’ असे न लिहिता ‘११:४० ला उठला, पोट ताणलेले, वायू सरल्यावर १५ मिनिटांत झोपला’ असे लिहावे. डॉक्टरांना पहिल्या वाक्यातून काही मिळत नाही आणि दुसऱ्यातून जवळजवळ सगळे मिळते. पथ्य सुरू करण्यापूर्वीचे चार-पाच दिवसही त्यात हवेत, नाहीतर फरक मोजायचा कशाशी?

या प्रयोगाचा खरा अर्धा भाग म्हणजे दूध परत देणे, आणि नेमका तोच गाळला जातो. मूल झोपू लागले की पुन्हा कोण धोका पत्करणार, असे म्हणून दूध वर्षानुवर्षे बंद राहते. पण या वयात झोप आपोआपही सुधारते, दात येऊन जातात, सर्दी बरी होते. दूध परत दिल्यावर तक्रार परत आली तरच ती दुधाची होती असे म्हणता येते. संथ आणि सौम्य तक्रारींत हे घरी, डॉक्टरांना विचारून, थोड्या प्रमाणापासून करता येते. पूर्वी गांधी, सूज, धाप किंवा दूध प्यायल्यावर काही तासांनी सारख्या उलट्या होऊन मूल पांढरे व मलूल पडणे असे काही घडले असेल, तर ते घरी मुळीच करायचे नाही. ते रुग्णालयातच, डॉक्टरांच्या नजरेखाली होते. रक्तातल्या आणि त्वचेवरच्या चाचण्या तात्काळ अ‍ॅलर्जीत उपयोगी पडतात, संथ प्रकारात त्या बहुधा काहीच दाखवत नाहीत. लॅक्टोजसाठी ताज्या शौचाची आम्लता आणि त्यातली साखर तपासता येते. शेकडो पदार्थांची ‘असहिष्णुता’ रक्ताच्या एका थेंबात सांगणाऱ्या आयजीजी (रक्तातली एका प्रकारची प्रतिपिंडे मोजणाऱ्या) चाचण्यांना तज्ज्ञ मान्यता देत नाहीत. ते पैसे वाचवावेत. झोप यावी म्हणून सर्दीचे गुंगी आणणारे औषध देणे हा तर धोकादायक प्रकार आहे.

दूध बंद असलेल्या काळात त्याच्या जागी काय द्यायचे हे आधी ठरवायला हवे. एक ते तीन वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते, आणि चारशे मिलिलिटर दूध त्यातला बहुतेक वाटा एकट्याने उचलते. आपल्या स्वयंपाकघरात पर्याय आहेत. शंभर ग्रॅम नाचण्यांत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, आणि उन्हाळ्यात करतो ते नाचण्यांचे तिझन (नारळाचा रस घातलेली गोड लापशी) मुले गुळामुळे आवडीने खातात. मात्र एका वाटीत नाचण्यांचे पीठ पंचवीस ग्रॅमच जाते, तेव्हा एका वाटीने दुधाची भरपाई झाली असे समजू नये. तारल्यांचे मऊ शिजलेले बारीक काटे कुस्करून दिले तर चांगले कॅल्शियम मिळते; काट्यांची खात्री बोटांनी करून मगच घास भरवावा. अंडी, डाळी, तांबडी भाजी हे जोडीला हवेच. गोंयकार घरात एक चूक फार सहज होते: नारळाचा रस पांढरा, दाट आणि घरचा असतो, म्हणून तो दुधाची जागा घेईल असे वाटते. त्यात मेद भरपूर असतो, पण प्रथिने आणि कॅल्शियम फार थोडे, म्हणून आमटीत आणि तिझनात तो उत्तम असला तरी बाटलीत तो दुधाला पर्याय नाही. पथ्य महिन्याहून जास्त लांबणार असेल तर कॅल्शियम आणि जीवनसत्त्व ‘ड’ बाहेरून द्यावे काय, हे बालरोगतज्ज्ञ ठरवतील.

वाट पाहण्याची आणि वहीची ही सारी भाषा काही प्रसंगी बाजूला ठेवावी लागते. दूध पिताच ओठ-जीभ सुजली किंवा श्वासाला त्रास झाला, तर ताबडतोब १०८ला फोन करावा. मूल थोड्या थोड्या वेळाने कळ येऊन किंचाळत असेल, प्रत्येक कळीत पांढरे पडत असेल आणि मधल्या वेळात सुस्त राहत असेल, उलटी हिरवी होत असेल किंवा शौचात लालसर जेलीसारखे काही दिसत असेल, तर ते दूध न पचणे नसून आतड्यात आतडे शिरलेले असू शकते, आणि त्यात तास महत्त्वाचे असतात. रात्र कितीही झालेली असो, बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय किंवा जवळचे जिल्हा रुग्णालय गाठावे. वजन घटणे, शौचात पुन्हापुन्हा रक्त येणे, आणि घोरता घोरता झोपेत श्वास थांबल्यासारखा वाटणे, यांसाठी मध्यरात्री धावण्याची गरज बहुधा नसते, पण त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवावे, आणि घोरण्याचा मोबाईलवर काढलेला एक-दोन मिनिटांचा व्हिडिओ सोबत न्यावा.